ताळा

केमीयार्वीत, तळ्याकाठच्या घराखाली, बटाट्यांच्या तळघरात
इर्या पोह्यानेनचा जुना संगणक
नाताळ उरकल्यापासून एकच गणित करतो आहे.
बाहेर उणे एकोणतीस.
त्याच्या उबेनं बटाट्यांना कोंब आलेत,
अवेळी, पांढरे, आंधळे.

एकतीस वर्षं लाकूडगिरणीत तिनं हिशेब लिहिला.
ओंडके, फळ्या, भुसा, कामगारांच्या रजा.
ताळा न केलेलं पान तिला
हिवाळ्यात उघड्या राहिलेल्या दारासारखं वाटतं.
अजूनही.

आकडा असा:
दोनाला दोन, दोनाला दोन,
आठ कोटी बारा लाख आणि वर काही हजार वेळा,
आणि मग त्यातला एक काढून घ्यायचा.
हातानं लिहायला बसलं, सेकंदाला एक अंक,
ना जेवण ना झोप,
तर लागतील नऊ महिने नऊ दिवस.
आणि इतकं करून जन्माला काय आलं
ते तेव्हाही कळणार नाही.

संगणकाच्या लिपीत मात्र तो अगदी साधा.
एक एक एक एक एक,
मध्ये शून्य नाही कुठेच.
खिडकीबाहेर बर्फात बर्च उभे आहेत
तसा.

बहीण हेल्वी कॉफी ढवळत म्हणाली,
भाग जातो का, एवढंच ना? मग भागून बघ.
भागत बसले तर सूर्य विझेल, इर्या म्हणाली,
आणि विजेच्या बिलाच्या पाकिटावर
तिनं लहान भावंड मांडलं: एकशे सत्तावीस.

चार घे. वर्ग कर. दोन वजा. चौदा.
चौदाचा वर्ग, दोन वजा,
एकशे सत्तावीसनं भाग, उरेल ते ठेव. सदुसष्ट.
पुन्हा. बेचाळीस.
पुन्हा. एकशे अकरा.
पुन्हा,
आणि पाचव्या खेपेला पेन्सिल थांबली.
काही उरलंच नाही.

म्हणजे भाग गेला, हेल्वी म्हणाली.
म्हणजे याला कुणीच भागत नाही, इर्या म्हणाली.
इथे उलटं असतं.
हेल्वीनं बिल उलटं करून रक्कम पाहिली
आणि गप्प बसली.

(खाण तशी माती, हेही इथे चालत नाही.
अकरा मूळ, पण दोनाचा अकरावा घात, वजा एक,
निघाला तेवीस गुणिले एकोणनव्वद.
चांगल्या घरचा, आणि तरी फुटला.)

त्रेचाळिसाव्या दिवशी, पहाटे,
पंखा मंदावला.
इर्या कोट चढवून खाली गेली.
शून्य नव्हतं.
एक लांबच लांब बाकी, तिच्यातल्या
शेवटच्या सोळा खुणा तेवढ्या पडद्यावर.

म्हणजे भाग जातो.
कुणाचा, ते यंत्र सांगत नाही.
दार न उघडता कळावं
की आत निदान दोघं राहतात,
नावं माहीत नाहीत,
पिढ्यान् पिढ्या कळणारही नाहीत कदाचित,
पण राहतात, याबद्दल आता वाद नाही.

तिनं सोळा खुणा वहीत उतरवल्या, तारीख घातली.
दुसरं कुणीतरी, लिमात म्हणा, दुसऱ्या ऋतूत,
हेच गणित मुळापासून करील.
सोळाच्या सोळा मिळाल्या की ताळा जुळला.
तिनं पुढचा आकडा लावला.
पंखा पुन्हा घुमू लागला.

जूनमध्ये तळ्यावरचा बर्फ गेला.
कोंबांचे बटाटे दोघींनी अंगणात मोजले:
एकशे अठ्ठावीस.
आठ-आठच्या सोळा ओळी, हेल्वी खुशीत म्हणाली,
आणि दोरी ताणायला लागली.
तेवढ्यात एक सडका निघाला.

इर्यानं तो खतात टाकला.
कुदळीवर हनुवटी टेकून
ती बराच वेळ जमिनीकडे बघत राहिली,
मग बहिणीच्या हातातून दोरी घेऊन
तिनं एकच ओळ आखली,
कुंपणापासून थेट पाण्यापर्यंत.
शेवटचा बटाटा लावताना
हेल्वीचे बूट भिजले.